ओढ्याची खुर्ची

वैशाखातल्या ग्रामसभेत ओढ्याची खुर्ची नेहमीसारखी मांडली होती. भर उन्हाळ्यात वाहणाऱ्या ओढ्याला एक मत, असा कायदा होऊन बरीच वर्षं झाली. पण वाघजाईवाडीचा ओढा होळीलाच आटायचा आणि खुर्ची रिकामीच राहायची.

आज प्रश्न डोंगरावरच्या खडीच्या खाणीचा होता. हात वर झाले आणि दोन्हीकडची मतं सारखीच भरली.

तेवढ्यात ओढ्याच्या वतीनं बोलणारं, खुर्चीला जोडलेलं यंत्र बोललं, "ओढा हजर आहे. माझं मत खाणीच्या विरोधात."

"खोटं आहे!" खाणीचा ठेकेदार जालिंदर उसळला. "पहाटे ओढ्यात टँकर ओतलाय यांनी. हौसाक्का, खरं सांगा!"

हौसाक्का दर रविवारी श्रमदानाला माणसं गोळा करून डोंगरावर चर खणायची. अर्धं गाव तिला हसायचं. ती एवढंच म्हणाली, "सरपंच, पाणी कुठलं ते यंत्रालाच विचारा की."

सरपंचांनी विचारलं. यंत्राच्या ओढ्यात सोडलेल्या नळीनं पाण्याचा घोट घेतला.

"हे पाणी पाच पावसाळ्यांमागं पडलं," यंत्र म्हणालं. "पूर्वेच्या उतारावरच्या चरांतून आत मुरलं. तेव्हापासून डोंगराच्या पोटात चालत होतं. आज पोचलं."

"खाण नामंजूर!" सरपंच ओरडले आणि टाळ्यांनी मांडव दणाणला.

हौसाक्कानं पुढं होऊन पदरानं खुर्चीवरची धूळ पुसली.

"बस बाबा," ती म्हणाली. "लई वाट बघायला लावलीस."