आण्णांच्या नावाची काच

श्रेयाने वडिलांच्या कानाला लावलेला मोबाइल हिसकावून घेतला. पलीकडचा ड्रायव्हर आत बोलतच होता, "शेठ, गाडी खेडच्या घाटात बंद पडलीय, शेठ..."

"आण इकडं!" भगवंत ओरडला. "समदा माल सडंल माझा!"

"सडू दे. आण्णा, आधी तोंड उघडा."

लेकीचं हे रूप भगवंताला नवीन होतं. पहाटेच्या एसटीने ती पुण्याहून कळंबला उतरली होती आणि चपलेसकट घरात शिरली होती. डोळे रडून सुजले होते.

भगवंताच्या तीन पिकअप होत्या. पंचक्रोशीतली भाजी तो वाशीला धाडायचा, आणि हा सगळा धंदा त्याच्या उजव्या कानावर चालायचा. दोन घासांच्या मध्येसुद्धा त्याचं 'हॅलो' असायचं. फोन चार्जिंगला लावला की त्याचा हात उगाच कानाशी जातो, अशी गावात चेष्टा होती.

श्रेया पुण्यात दातांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेत होती. मोबाइलवर तासन्‌तास बोलणाऱ्यांच्या गालाच्या आतल्या पेशी बदलतात का, हाच तिच्या प्रबंधाचा विषय होता. लाकडी पट्टीने गाल आतून हलकाच खरवडायचा, ते काचेवर पसरायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. तासन्‌तास बोलणारा माणूस तर तिच्या घरातच होता. पण तो बसला तर ना! शेवटी दिवाळीची सुट्टी संपताना तिने पट्टी, काच आणि स्पिरिटची बाटली आईच्या हवाली केली. "आई, आण्णांना सवड झाली की त्यांचा उजवा गाल खरवड, काचेवर लाव आणि बाटलीत टाक. एवढं कर गं, नाहीतर माझं अडेल." आईने शब्द पाळला. चकलीच्या डब्यात बसून बाटली पिकअपने पुण्याला पोचली.

काल श्रेयाने ती काच पाहिली. आतापर्यंतच्या काचांवर तिला भिण्यासारखं काही दिसलं नव्हतं. या काचेवर पेशींची केंद्रं फुगलेली होती, वेडीवाकडी, काळीकुट्ट. रंग बिघडला असेल, असं तिने स्वतःला दहादा बजावलं. मग तिच्या मॅडमनी पाहिलं. "कोण आहे हा पेशंट?" त्यांनी विचारलं. "उद्याच बोलवून घे. तुकडा काढून तपासायला हवा." 'माझे वडील' एवढंच सांगून श्रेया बॅग भरायला धावली.

"तुमच्या तोंडात काहीतरी वाईट आहे, आण्णा," ती आता म्हणाली. "कॅन्सरसुद्धा असेल." तो शब्द उच्चारला आणि तिला रडूच कोसळलं.

भगवंत खाटेवर बसला.

"फोननं झालं का गं?"

"माहीत नाही. अजून कुणालाच नक्की माहीत नाही. तुम्ही चला फक्त."

अंजना, श्रेयाची आई, चुलीपाशी दातांना तंबाखूची मिश्री लावत बसली होती. तिचं बोट दातावरच थांबलं. शेजारी बशीत चहा गार करायला ठेवला होता. अलीकडे ती चहा गारच प्यायची, भाकरी दुधात कुस्करून खायची. तिखट सोसत नाही म्हणायची. वय झालं असेल, असं घरात सगळ्यांनी धरून टाकलं होतं.

"ह्यांना?" ती कशीबशी उठली. "आगं, नीट बघ की, बाई. ह्यांना कसं काय हुईल?"

भगवंताने तोंड उघडलं. श्रेयाने टॉर्च मारली. उजवा गाल बघितला, डावा बघितला, जीभ उचलून खाली बघितलं. बोट घालून चाचपलं. कुठे डाग नाही, गाठ नाही, साधा चट्टा नाही. तिला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटेना. काच तर तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

"आईने खरवडलं तेव्हा दुखलं होतं का?"

"कवा?"

"दिवाळीनंतर. लाकडी पट्टीने."

"माझ्या तोंडाला कुनी पट्टी लावली न्हाई."

श्रेयाने मागे वळून पाहिलं. अंजनाने मान खाली घातली होती.

"ह्यांना सवड कुठं व्हती गं?" ती पुटपुटली. "जवा बघावं तवा फोन. तू म्हनलीस तुझं अडंल. मंग मीच माझा गाल खरवडला. मानसाचंच तोंड लागतंय ना, म्हनलं. लई झोंबलं, रगात बी आलं, पन तुझं काम झालं न्हवं?"

श्रेयाच्या हातात टॉर्च तशीच जळत राहिली. तिने खाटेवर टाकलेला फोन वाजायला लागला. भगवंताने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो चुलीपाशी ठेवलेल्या गार चहाकडे बघत होता.

अंजनाचा चेहरा मात्र उजळला होता. तिने मिश्रीचं बोट पदराला पुसलं आणि देव्हाऱ्याकडे वळून हात जोडले.

"देव पावला गं, बाई!" मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, घ्या की फोन. तुमाला काय न्हाई झालं."