नातेवाइकाची सही

मनोरुग्णालयाच्या समाजसेविकेनं हमीपत्र तिसऱ्यांदा पुढे सरकवलं. समोरच्या माणसानं ते तिसऱ्यांदा मागे सरकवलं.

तो शिवणबाईचा नवरा. तीन वर्षांत आज पहिल्यांदा उगवला होता, तोही सात पत्रं गेल्यावर. बायकांच्या वॉर्डात एकही उसवलेला कपडा तिच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून ती शिवणबाई. आजारपणात तिच्या मनानं घेतलं, की शेजारीण आपल्या पाण्यात विष कालवते. एका दुपारी तिनं शेजारणीच्या डोक्यात इस्त्री घातली. शेजारीण वाचली. शिवणबाई आता बरी होती. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं होतं, कोर्टानं सोडायची परवानगीही दिली होती. अट एकच, नातेवाइकानं सही करून जबाबदारी घ्यायची. मुदत आज संपत होती. सही झाली नाही तर तिची रवानगी मागच्या इमारतीत, आणि तिथून घरी गेलेली बाई कुणाच्या पाहण्यात नव्हती.

पुरुषांच्या वॉर्डासमोरच्या बाकावर भेटीच्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नसते. बायका, आया, बहिणी, डबे, पिशव्या. कुणी भावाला भोसकलेलं, कुणी दुकान पेटवलेलं. पण घरच्या बायका 'आजारी होता हो बिचारा' म्हणतात आणि सही करून घेऊन जातात. बायकांच्या वॉर्डासमोरचा बाक मात्र अजून नव्यासारखा चकचकीत. बसायला येतंय कोण? शेवटी सिस्टर त्यावर चादरी वाळत घालू लागल्या.

म्हणूनच हा माणूस आल्यावर समाजसेविकेला बरं वाटलं होतं. माणूस सभ्य होता. पट्टा आणि बुटांच्या नाड्या फाटकावर काढून ठेवायला सांगितलं, की नवखे लोक हुज्जत घालतात. यानं कुणी सांगायच्या आत दोन्ही काढून शिपायाच्या हातात दिलं होतं. आता काम फत्ते, असं तिनं धरून चाललं होतं, आणि तिथंच ती फसली.

त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "घरात दहा वर्षांची मुलगी आहे, मॅडम. उद्या काही झालं तर?"

ती बरी झाली आहे, असं समाजसेविकेनं पुन्हा सांगितलं.

"बरं वाटतं हो. पण गोळ्या चुकल्या की आठ दिवसांत उलटतं. अशा माणसाचा भरवसा कुणी द्यायचा?"

बराच अभ्यास करून आलाय, असं तिच्या मनात आलं. मुलीची काळजी खोटी वाटत नव्हती, त्यामुळे त्याला धड रागावताही येईना. तिनं विनवलं, समजावलं, शेवटी आवाजही चढवला. त्यानं हात जोडले आणि तो उठला. शिवणबाईला भेटायचं का, या प्रश्नावर त्यानं नकारार्थी मान हलवली.

समाजसेविका वॉर्डात गेली. इथे येऊन तिला दीडच वर्ष झालं होतं. असं काही सांगायची तिला अजून सवय झाली नव्हती.

शिवणबाई खाटेवर बोचकं बांधून बसली होती. केस विंचरलेले, साडी नीटनेटकी. समाजसेविकेच्या हातातला, सहीची जागा कोरी राहिलेला कागद तिला दिसला. ती रडली नाही. तिनं बोचक्याची गाठ सोडली आणि कपडे पुन्हा घडी करून उशाशी ठेवायला लागली.

"मुलगी बरी आहे ना?" तिनं विचारलं.

"बरी आहे."

"आणि त्यांच्या गोळ्या चालू आहेत का, विचारलंत? आठवण करून दिल्याशिवाय घेत नाहीत ते."

"कुणाच्या गोळ्या?"

शिवणबाईनं खिडकीतून पुरुषांच्या वॉर्डासमोरच्या बाकाकडे पाहिलं. तिथे एक म्हातारी डबा उघडत होती.

"कारखान्यात सोबत्याच्या डोक्यात पाना घातला होता त्यांनी. सहा महिने त्या समोरच्या वॉर्डात होते. मीच सही करून घरी नेलं. मुलगी तेव्हा पाळण्यात होती."