बरं केलंत

"तिला बाहेर काढ, ताई," भाऊ म्हणाला. "एवढं एकदा माझं ऐक."

बहिणीने मान वर केली नाही. दुसऱ्या छपाईसाठी यंत्रावर कागद चढवून झाला होता, शाई तयार होती आणि सगळं अडलं होतं ते शेवटच्या परिच्छेदापाशी.

सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत या भावंडांचा छापखाना होता. पुढच्या खोलीत बिलबुकं आणि औषधांची लेबलं छापून पोट भरायचं. मागच्या खोलीत हौस. हौस म्हणजे गोष्टी. विचित्र, काळोख्या, वाचता वाचता मागे वळून बघायला लावणाऱ्या. एका घडीच्या कागदावर एक गोष्ट. बहीण लिहायची, इतरांच्या आलेल्या निवडायची आणि भाऊ छापायचा. मग दवाखान्यात, लॉन्ड्रीत, बसथांब्यावर गठ्ठे ठेवून यायचे. ज्याला हवी त्याने उचलावी, फुकट.

या वेळची गोष्ट बहिणीची स्वतःची होती. एक नवरा घराच्या खिडक्या बुजवत जातो. पहिली धूळ येते म्हणून, दुसरी गारठा येतो म्हणून, तिसरी समोरचे बघतात म्हणून. दर वेळी बायको म्हणते, "बरं केलंत." शेवटी तो बाहेरून दारही बुजवतो आणि वर रंग मारतो. इथे कधी दार होतं हे येणाऱ्याजाणाऱ्यांच्या लक्षातही राहत नाही. आतून हळूच आवाज येतो, "बरं केलंत." गोष्ट संपते.

प्रती भराभर उचलल्या गेल्या आणि मागोमाग तक्रारी आल्या. दातांच्या डॉक्टरांनी उरलेला गठ्ठा परत केला. आमचे पेशंट आधीच घाबरलेले असतात, म्हणाले, त्यात तुमची मदत नको. लॉन्ड्रीवाल्या काकूंनी भावालाच फैलावर घेतलं. "तुला बहीण आहे ना रे? मग असलं छापवतं कसं?" बहिणीनेच लिहिलंय, हे सांगायची त्याची काही छाती झाली नाही.

"ठेवायला जागाच उरली नाही, तर वाचणार कोण?" तो म्हणाला.

बहिणीच्या अगदी जिवावर आलं होतं, तरी तिने लिहिलं. नव्या शेवटात बायको अंधारात भिंतीला हात लावते, ओल्या मातीसारखी भिंत खचते आणि ती उजेडात येते. भावाने कागद वाचला. त्याचा चेहरा उजळला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. दारात एक बाई उभी होती. चाळिशीची असावी. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात त्यांचीच गोष्ट. कागद इतक्या बारीक घड्यांचा झाला होता की घडीच्या रेघांवर अक्षरं पुसत चालली होती.

"हे तुम्हीच छापता ना? खाली पत्ता आहे."

भावाला वाटलं, आणखी एक तक्रार. त्याने घाईने खुर्ची पुढे सरकवली. "बसा. तुम्ही काय म्हणणार ते कळलंय आम्हाला. चूक झाली. शेवट बदलतोय आम्ही. हा बघा, आत्ताच लिहून झालाय."

बाईने नवा शेवट घेतला आणि उभ्यानेच वाचला. सावकाश, बोट ओळीखाली धरून. वाचून झाल्यावर ती खुर्चीत बसली.

"आता सुटते ती," बाई म्हणाली.

"हो ना," भाऊ म्हणाला. "उगाच कोणाच्या जिवाला घोर नको."

"नका बदलू."

भावाने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने हातातलं पेन खाली ठेवलं.

"सुटणाऱ्या बायकांच्या गोष्टी मी पुष्कळ वाचल्यात," बाई म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती; शेजारणीशी बोलावं तशी ती बोलत होती. "रद्दीतल्या मासिकांत असतात. वाचल्या की बरं वाटायचं. चला, एक तरी सुटली. मग उठून मी कुकर लावायचे. ही वाचली आणि कुकर लावायचा राहिला. सकाळी नि रात्री, दोन्ही वेळा यांची बोलणी खाल्ली. भांडी घासताना तीच, कपडे वाळत घालताना तीच. ती आत बसलीय आणि कोणालाच माहीत नाही. फक्त मला माहीत."

"पण तुम्ही ही आणलीत कुठून?" बहिणीने विचारलं.

"लॉन्ड्रीतून. यांचे शर्ट द्यायला तेवढी जाते मी. पैसे मोजून देतात, हिशेब घेतात. ही फुकट होती, म्हणून घरी आणता आली."

खाली कोणीतरी सायकलचं चाक फिरवून बघत होतं, त्याची टरटर वर येत होती. बहिणीची नजर आता पिशवीकडे गेली. पिशवी भाजीची नव्हती. वरच्या बाजूला घडी घातलेला स्वेटर होता, त्याखाली कागदपत्रांची प्लॅस्टिकची पिशवी.

"घरी कोणी वाट बघत असेल ना?" तिने जपून विचारलं.

"संध्याकाळी बघेल. किल्ली आतच ठेवली आणि दार ओढून घेतलं. धाकट्या बहिणीकडे निघालेय, तिला कळवलंय. गाडीला वेळ होता, म्हटलं तुम्हाला सांगून जावं."

भाऊ अजून तो नवा कागद धरून उभा होता. तो मनाने हळवा; त्याला राहवलं नाही.

"पण त्या गोष्टीतल्या बाईला तसंच आत ठेवायचं? तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना," बाई म्हणाली. "पण ती बाहेर पडली असती, तर मी पडले नसते."