इतर औषधे : नाही

पेशंटच्या पसरलेल्या बोटांवर ठेवलेला कागद हलत होता. रूपालीने घड्याळाकडे बघत दहा सेकंद मोजले. लिथियम या औषधाच्या नेहमीच्या डोसातही हात थरथरतो, पण ती थरथर बारीक असते. कागदाची फक्त कड हलते. इथे अख्खा कागद उडत होता. अकराव्या सेकंदाला तो फरशीवर पडला.

"राहू द्या, मॅडम, मी उचली लेस," पेशंट म्हणाला आणि वाकताना तोल जाऊन त्याने खाटेचा दांडा धरला.

कागद तिनेच उचलला. पेशंटकडे न बघताच तिने तो खाटेवर ठेवला.

"घाबरू नकोस, चावत नाहीत ते," शेजारी उभा असलेला हितेंद्र हळूच म्हणाला.

मनोविकार विभागातला एमबीबीएसच्या त्यांच्या तुकडीचा हा पहिला आठवडा होता. सहा नंबरची खाट त्या दोघांना मिळाली होती. साडेबाराला चौधरी सर येणार होते, त्याआधी केस लिहून तयार हवी होती.

हितेंद्रने केसपेपर उलटला. "सुकदेव पाटील, धरणगाव. घ्या! तुझेच भाऊबंद, पाटीलबाई."

"जळगावात दगड उचलला तरी खाली पाटील निघतो," रूपाली म्हणाली. तिने भराभर लिहायला घेतलं. वय चोपन्न. बायपोलर आजार, अकरा वर्षं. लिथियम, दिवसाला तीन गोळ्या.

"विचार तरी त्यांना. सर म्हणालेत ना, आधी पेशंटशी बोला."

तिने पेन खाली ठेवलं. "काका... तुमच्याबरोबर कोण आलंय?"

"चिंधा वना व्हता, शेजारना. बस पकडीसन गया."

"घरी कोण असतं?"

"कोनी नही. घरवाली गयी, पाच वरीस व्हयनात. एक पोर शे, ती बाहेर शिकी राहनी." हे तो हितेंद्रकडे बघून बोलला.

"तिला कळवलंय का?" हितेंद्रने विचारलं.

"कसाले? तिनी परीक्षा शे. पोरले तरास नको."

त्याचे शब्द एकमेकांना चिकटत होते. रूपालीला ते ऐकवेना. पुस्तकातलं ते पान तिने कालच वाचलं होतं. लिथियम मूत्रपिंडातून बाहेर पडतं. सांधेदुखीच्या बऱ्याच गोळ्या ती वाट अडवतात. डोस तोच राहतो, रक्तातली पातळी मात्र चढत जाते. आधी हात, मग चाल, मग जीभ. त्यानंतर झटके आणि बेशुद्धी. त्या पानावर तिने पेन्सिलीने रेघ मारली होती, आणि मग तिला घास गिळवला नव्हता.

तिने पेशंटच्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. "हा दुखतो ना?"

"नही."

"दुखण्यावर काही गोळी घेता?"

पेशंटने पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "नही, मॅडम. दुसरी कोनतीच गोयी मी लेत नही."

"खरं सांगा, काका. जिवावर बेतेल."

"नही म्हनस ना!" त्याचा आवाज चढला. शेजारच्या खाटांवरची माणसं वळून बघू लागली.

हितेंद्रने तिला खिडकीपाशी नेलं. "लिही, इतर औषधे नाही. उगाच भडकवू नकोस त्यांना." मग खांदे उडवत म्हणाला, "यांच्या पोरीचं अवघड आहे बुवा. बापाचं हे कळल्यावर कोण करून घेणार तिला?"

"हळू बोल. ऐकू जातं."

चौधरी सर वेळेवर आले. हितेंद्रने केस सांगितली. तीन रात्री झोप नाही, बडबड वाढलेली. आज सकाळी ओपीडीत गोळ्या तीनवरून चार करायला सांगितलंय, वाढीव डोस अजून दिलेला नाही. रक्त सकाळी पाठवलंय, रिपोर्ट संध्याकाळी. त्याचं बोलणं संपेपर्यंत नूतन सिस्टर गोळ्यांची वाटी घेऊन खाटेपाशी पोचल्या होत्या.

"रूपाली, तुला काय दिसलं?"

"थरथर मोठी आहे, सर. तोल जातो. जीभ जड आहे. लिथियमची विषबाधा वाटतेय. गोळी आत्ताच थांबवायला हवी."

"महिन्यापूर्वी पातळी ठीक होती. मूत्रपिंडं ठीक. डोस आजपर्यंत तोच. मग चढेल कशी?" सर रागावले नव्हते, ते शिकवत होते. "तीन रात्रींच्या जागरणाने हातही थरथरतो, जीभही अडखळते. आजार उसळलेला असताना गोळी बंद करायची, तर कारण तेवढं पक्कं पाहिजे."

"पेनकिलर, सर. दोन आठवडे, रोज दोनदा."

"कोण म्हणतं?"

"पेशंट तर नाही म्हणतोय, सर," हितेंद्रने कागद पुढे केला.

सरांनी तो वाचला आणि परत दिला. "आपल्या मनात आलं ते केसमध्ये लिहायचं नसतं, रूपाली. नातेवाईकाने सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. कोण आहे यांचं इथे?"

नूतन सिस्टरनी ग्लासात पाणी ओतलं. पेशंटने वाटीतल्या गोळ्या स्वतःहून तळहातावर घेतल्या. तळहात इतका हलत होता की एक गोळी चादरीवर सांडली. त्याने ती शोधून उचलली, आणि रूपालीकडे बघत मान किंचित आडवी हलवली. मग हात तोंडाकडे नेला.

रूपालीने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"सर, पेनकिलर मीच आणून दिल्या होत्या," ती म्हणाली. "हे माझे वडील आहेत."