मन वळवण्याची प्रार्थना

मिरजेच्या चर्चमध्ये पेटी वाजवणारा शमुवेल वर्षभर एकच प्रार्थना करत होता, "प्रभू, गायनमंडळातल्या सुवार्ताचं मन माझ्याकडं वळव." तिला पुण्याचं स्थळ आल्याचं कळलं, तसा तो पाळकसाहेबांकडं धावला.

पाळकसाहेब हसले. "देव बळंच मनं वळवत असता, तर जगात पाप उरलं असतं का रे? त्यानं माणसाला 'नाही' म्हणायची मोकळीक दिली, म्हणून दुष्टपणा आहे. अन् म्हणूनच 'हो'ला किंमत आहे. जा, तिलाच विचार."

उपासना सुटल्यावर शमुवेलनं घाम पुसत फाटकापाशीच विचारून टाकलं. सुवार्ता "हो" म्हणाली अन् खुदकन हसली.

"लय उशीर केलास! देवानं तुझं तोंड उघडावं म्हणून मी दोन वर्षं प्रार्थना करतेय."