वेणीचं टोक

घरच्या कझाक रीतीप्रमाणे साउलेनं आपली पहिली मुलगी सासूच्या ओटीत घातली होती. सहा वर्षांची मोल्दीर आजीलाच आई म्हणायची आणि साउलेला वहिनी.

ही वहिनी अल्माटी शहरातून आली की पोर वेणीचं टोक चावत बसायची. या खेपेला तर साउले नवं दप्तर घेऊन, तिला शाळेसाठी न्यायलाच आली होती.

"अगं, वहिनी खाते काय तुला?" सासूनं हसत पोरीला साउलेच्या मांडीवर बसवलं. पोर लाकडासारखी ताठ.

"मला नेणार तू?" वेणी दातांत धरूनच मोल्दीरनं विचारलं.

साउलेनं दप्तर पायानं मागे सरकवलं. "नाही गं राणी. उद्या जाणार तुझी वहिनी."



सहा वर्षांत पहिल्यांदाच पोरीचं अंग तिच्या मांडीवर सैल पडलं.