डावीकडचे दिवे

डावा डोळा उघडला की नारिंगी. मिटला की काही नाही.

कॅप्टन हँगरमध्ये विमानाच्या डाव्या चाकाशी उकिडवे बसले होते आणि आळीपाळीने एकेक डोळा झाकून पाहत होते. चाकावरच्या पांढऱ्या पत्र्याला काहीतरी घासून गेलं होतं. उजव्या डोळ्याला तो तेलाचा डाग वाटत होता. जुना, मळकट, कुणाचं लक्ष जाऊ नये असा. डावा डोळा नवा होता. त्याला तिथे चक्क नारिंगी रंग दिसत होता. धावपट्टीच्या कडेच्या दिव्यांना टोप्या असतात, त्यांचा.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई काचा बदलून बदलून विचारायच्या, तेच आता कानात वाजत होतं.

हे बरं, की हे?

कॅप्टन हे आपलं म्हणायला. दुकान टाइल्सचं. पण हौशी वैमानिकाचं लायसन्स होतं, फ्लाइंग क्लबचं अध्यक्षपद होतं, आणि रविवारी क्लबचं दोन सीटचं विमान घेऊन ते एक चक्कर मारून आले की व्हरांड्यात टाळ्या पडत. "काय अलगद उतरवलंत! लोणी, कॅप्टन, लोणी," सेक्रेटरी म्हणायचा. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत चालला तेव्हाही लोणीच. उतरताना डावीकडे बारीकसा धक्का बसायचा. धावपट्टी एकदा नीट करून घ्यायला हवी, असं कॅप्टन दर वेळी सांगायचे. फिटनेस तपासणारे डॉक्टर क्लबचेच मेंबर. "तुम्हाला काय धाड भरलीय," म्हणून ते पाठीवर थाप मारायचे. झाली तपासणी.

त्याच सुमारास धावपट्टीच्या डाव्या कडेचे दिवे फुटायला लागले.

कॅप्टननी चौकशी समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपदही स्वतःकडेच घेतलं. गुरं म्हणावीत, तर कुंपण शाबूत. पोरं म्हणावीत, तर दगड सापडेना. राहता राहिला वॉचमन. "झोपा काढतो लेकाचा," कॅप्टन म्हणाले, आणि निकाल लागेपर्यंत त्याला घरी बसवलं. त्याच आठवड्यात त्यांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मग तेही घरी बसले. नवं फिटनेस मिळेपर्यंत विमानाला हात लावायचा नव्हता. पट्टी निघाली आणि त्यांना इतकं लख्ख दिसायला लागलं, की उजव्यातला कच्चा मोतीबिंदूही लगेच काढून टाका म्हणून ते डॉक्टरीणबाईंच्या मागे लागले.

इकडे तेव्हापासून एकही दिवा फुटला नाही. समितीला आणखी काय पुरावा हवा होता?

आज फिटनेस हातात पडलं होतं. दुपारी मीटिंग, वॉचमनला कायमचं काढायचा ठराव. त्याआधी विमान जरा डोळे भरून पाहावं, म्हणून कॅप्टन हँगरमध्ये आले होते.

पाहिलं.

"हा रंग कसला रे?" सेक्रेटरी मागे येऊन उभा राहिला तसं त्यांनी विचारलं.

सेक्रेटरी वाकला. "अरेच्चा. तुमच्या ऑपरेशनच्या गडबडीत राहून गेलं वाटतं." त्याने खिशातून रुमाल काढला. "एरवी तुम्ही उतरलात की लगेच पुसून घेतो मी."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच. टाळ्या काय उगाच वाजवायचो? दिवा गेला पण कॅप्टन आले, ह्याच्या टाळ्या त्या."

"मग कुणी सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगणार? समितीचे अध्यक्ष तुम्ही." सेक्रेटरी समजुतीच्या सुरात म्हणाला, "आता कशाला जिवाला लावून घेता? तुम्हाला दिसायला लागलं, म्हणजे दिवे फुटायचे थांबले. वॉचमनला काढला, तरी थांबलेलेच राहतील. समिती काही खोटी पडत नाही. आणि हे वरच्या ऑफिसात कळलं ना, तर लायसन्सवर पाणी सोडायचं."

कॅप्टननी रुमाल त्याच्या हातातून काढून घेतला आणि ते बाहेर पडले.

मीटिंगच्या खोलीबाहेर बाकावर वॉचमन बसला होता. कामावर नव्हता, तरी युनिफॉर्म घालून आला होता. तो उठला.

"साहेब, दिसतं ना आता नीट?"

"दिसतं."

"बरं झालं. घरी रोज म्हणत होतो, साहेबांचं ऑपरेशन एकदा होऊ दे, मग आपलं काम झालंच."

कॅप्टननी त्याच्याकडे पाहिलं. दाढीचे पांढरे खुंट. कॉलरची उसवलेली आणि घरी घातलेली शिवण, टाका न् टाका. बाहीवरची इस्त्रीची घडी. एखाद्या माणसाकडे इतकं स्वच्छ त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

हे बरं, की हे?

"आलोच," ते म्हणाले आणि हँगरकडे परत गेले.

मीटिंग पटकन आटोपली. आधी अध्यक्षांचा हात वर गेला, मग सगळ्यांचे. अध्यक्षांच्या बोटांना जरासं नारिंगी लागलं होतं. ते कुणालाच दिसलं नाही.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी डावा डोळा तपासला. "झकास बसलाय," त्या म्हणाल्या. "चला, आता उजवा घेऊन टाकू. तुम्हालाच घाई होती ना?"

"तो राहू द्या," कॅप्टन म्हणाले. "समितीच्या कामाला तो लागतो."